निम्मी खोट

बोरखाजणच्या शाळेत हिवताप खात्याचे डॉक्टर टिपणीस दरवर्षी दिवाळीनंतर यायचे आणि पोरांची पोटं चाचपायचे. पोरं बाकांवर उताणी निजायची, सदरे वर करायची आणि डॉक्टर डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते बघायचे. उरणकडची ही खाडीकाठची गावं म्हणजे डासांचं माहेरघर. एके काळी दर दुसऱ्या पोराच्या पोटात पाणथरी धोंड्यासारखी लागायची. मग डीडीटीचा फवारा आला. भिंती पांढुरक्या झाल्या, ढेकूण मेले, मांजरंही मेली, लोकांनी शिव्या घातल्या, पण पोरांची पोटं सपाट होत गेली. एकोणसाठ सालच्या तपासणीत तर सगळ्या शाळेत एकाच पोरीची पाणथरी हाताला लागली. ती पोर म्हणजे रंगूची सोना.

रंगूला मिठागरावरून बोलावणं गेलं. बांधाचा चिखल पोटऱ्यांना तसाच घेऊन ती शाळेत आली.

"तुमच्या घरी फवारा मारू दिला होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिला ना साहेब. देव्हाऱ्यापत्तुर मारला."

डॉक्टरांनी सोनाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती केळीच्या गाभ्यासारखी पांढरी होती. "हिच्या पाठीवर किंवा हिच्या आधी कोणी?"

"पाठीवर न्हाय. पुढं व्हता एक. नामा. सहाव्या वर्षी गेला. त्याचं बी पोट असंच. समदी बोलली, हिवताप हाय."

"क्विनीन दिलंत?"

"दिलं. कडू म्हणून थुंकायचा. मी नाक दाबून गिळाया लावायची."

डॉक्टर टिपणीसांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "बाई, हा हिवताप नव्हे. आणि मला वाटतं, मुलालाही हिवताप नव्हता. गावातला हिवताप गेला म्हणून हे आज उघड्यावर आलं. नाहीतर इतक्या पोटांत एक पोट, कोणाच्या लक्षात येणार?"

रंगू उभीच राहिली. तिच्या मनात दुसरं काहीच आलं नाही, फक्त नामाचं ते दाबलेलं नाक आलं.

टिपणीस माणूस भला, पण त्यांचं खातं हिवतापाचं. हिवताप नाही म्हटल्यावर त्यांचं काम तिथं संपलं. त्यांनी तिला सरकारी आरोग्य केंद्रात पाठवलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी अलिबागला पाठवलं. करंज्याहून होडीनं रेवसला, तिथून पुढं मिळेल त्या गाडीनं, सोनाला कडेवर घेऊन रंगू आणि तिचा नवरा धर्माजी अलिबागला गेले. तिथं सांगितलं, हे रक्ताचं दुखणं, हे मुंबईलाच कळायचं. मग उरणच्या मोरा बंदरातून लाँचनं मुंबई. मुंबईच्या इस्पितळातही या दारातून त्या दारात. प्रत्येक दारात नव्यानं विचारायचे, पोर कधीपासून फिकी दिसते, पहिलं कशानं गेलं. रंगू सांगायची. सांगून सांगून तिला आपल्याच पोराचं मरण पाठ झालं होतं. पहिल्या पहिल्यांदा सांगताना ती मध्येच रडायची. पुढं तेही थांबलं आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

शेवटी रक्ताच्या खात्यातल्या डॉक्टर नवलकरबाईंपाशी ती तिघं पोचली. बाईंनी तिघांचंही रक्त काढून घेतलं आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा बोलावलं. मिठाचा हंगाम तोंडावर आला होता. मजुरी बुडवून दोघं सोनाला घेऊन पुन्हा गेली.

नवलकरबाईंनी त्यांना स्टुलांवर बसवलं. इतक्या दिवसांत कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"आमच्याकडे एक परीक्षा असते," बाई म्हणाल्या. "रक्ताचे थेंब मिठाच्या पाण्यात टाकायचे. पाणी अळणी, अळणी करत जायचं. साध्या माणसाचं रक्त एका ठिकाणी फुटतं. तुमचं दोघांचं लवकर फुटत नाही."

धर्माजीनं एवढ्या वेळात पहिल्यांदा मान वर केली. "मग ते चांगलं का वाईट?"

"तुम्हाला चांगलंही नाही, वाईटही नाही. तुमच्या रक्तात एक खोट आहे. निम्मी. तुमच्या बायकोच्याही रक्तात तीच खोट, निम्मी. निम्मीनं माणूस आजारी पडत नाही, सगळं आयुष्य कळतही नाही. पण दोघांची निम्मी निम्मी एकाच मुलात उतरली की पुरी होते. तशी या मुलीत झाली. मुलातही झाली असणार."

"औषध?" रंगूनं विचारलं.

"औषध नाही. रक्त देत राहायचं. पोर तरतरीत होईल, पुन्हा उतरेल, पुन्हा द्यायचं. फार मोठी होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

बाईंनी हे काही हळू आवाजात सांगितलं नाही की जोरातही नाही. रंगूला त्यांचा राग आला नाही. उलट, एवढ्या दारांत एकीनं तरी सरळ सांगितलं असं वाटलं. सोना स्टुलाच्या पायापाशी बसून फरशीवरच्या रेघेवर बोट फिरवत होती.

"नातं आहे का तुमच्यात? लग्नाआधीचं?"

"ही माज्या मामाची पोर," धर्माजी म्हणाला. "माजी आय आनि हिचा बा सख्खी भावंडं."

बाईंनी मान हलवली. "पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, दर खेपेला चारांत एक असं निघू शकतं."

"चारांत एक?" धर्माजी कळवळून म्हणाला. "आमची तर दोनांतली दोन्ही तशीच निघाली की वो!"

"दर खेपेला डाव नव्यानं मांडला जातो. आधी काय पडलं होतं ते डावाला आठवत नाही." बाईंनी कागद पुढं ओढला. "आणखी एक. ही खोट तुमच्या भावाबहिणींतही असू शकेल. त्यांची लग्नं व्हायची असतील तर आधी रक्त तपासून घ्या. घरातल्या घरात तर नकोच, तपासल्याशिवाय."

रंगू आणि धर्माजीनं एकमेकांकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. धर्माजीचा धाकटा भाऊ भिकू आणि रंगूची धाकटी बहीण काशी यांची सुपारी गणपतीतच फुटली होती. वैशाखात लग्न होतं.

"बाई," रंगू म्हणाली, "हे तुमी येऊन सांगाल का आमच्या घरात? न्हायतर कुणाला तरी धाडा. सरकारी मानूस बोललं तर मानतील. मी बोलले तर..."

नवलकरबाईंच्या तोंडावर थकवा दिसला. त्यांच्या मागं दाराबाहेर माणसांची रांग होती. "मी कुणाला पाठवू? माझ्याकडे पाठवायला माणूस नाही. इथं जो येतो त्याचं आम्ही बघतो. गावात जाणं हे केंद्राचं काम."

लाँचवर परत येताना धर्माजी म्हणाला, "गप ऱ्हा. भिकूचं मोडलं तर पुन्हा आपल्या दारात कोन यील? आनि तुज्या बहिनीच्या दारात?"

रंगूनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. तिला वारा नको होता, बोलणं नको होतं. सोना मांडीवर झोपली होती आणि तिचा भार नसल्यासारखा होता.

तरी दुसऱ्या आठवड्यात ती एकटी केंद्रात गेली. तिथले डॉक्टर तरुण होते, नव्यानं नेमलेले. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमच्या मुंबईच्या बाई बरोबर सांगतात. पण मी घरी येऊन लग्न मोडा म्हणून सांगू? कुठल्या नात्यानं? बाई, माझ्याकडे देवी टोचायच्या आहेत, महारोग्यांची यादी आहे, बाळंतपणं आहेत. या दुखण्याचं मला वरून काहीच आलेलं नाही. उद्या तुमच्या सासऱ्यानं अर्ज केला, की डॉक्टर लग्न मोडतो, तर मी काय उत्तर देऊ?"

तिथून बाहेर पडताना टिपणीस डॉक्टर भेटले. फवाऱ्याचे पंप दुरुस्तीला टाकायला आले होते. त्यांनी सोनाची चौकशी केली. रंगूनं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुमची मानसं तर दर पंधरवड्याला घराघरात येनार बोलतात. ती न्हाय सांगनार?"

टिपणीस खिन्न हसले. "येतील. मुंबई राज्यातलं, अख्ख्या देशातलं एक घर सोडणार नाहीत. पण दारात उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारायचा आहे, कुणाला ताप येतो का. दुसरा प्रश्न विचारायची त्यांना परवानगी नाही. तुमच्या घरात ताप नाही, बाई."

म्हणजे सांगायचं ते रंगूलाच सांगायचं होतं.

तिनं महिनाभर सांगितलं नाही. मिठागर सुरू झालं होतं. सकाळपासून डोक्यावर मिठाची पाटी, पायांना भेगा, भेगांत खार. तिन्हीसांजेला घरी येऊन सोनाला जेवू घालायचं. मध्येच काशी बहिणीला भेटायला यायची, नव्या घरात आपली चूल कुठं असेल ते डोळ्यांनी मोजायची, आणि म्हणायची, "बाय, आपन दोघी एका घरात! मला तर सासर वाटनारच न्हाय." तेव्हा रंगूला तिच्याकडं पाहवायचं नाही. ती उगाच भांडी घासायला उठायची.

एक दिवस अंगणात जवळा वाळत घातला होता आणि रंगूची सासू ठमाबाई कावळे हाकत बसली होती. ठमाबाई म्हणजे रंगूची सख्खी आते. पण नामा गेल्यापासून तिनं भाचीला सुखानं घास खाऊ दिला नव्हता. या कुशीत पोर टिकत न्हाय, असं ती पाणवठ्यावरही बोलली होती.

रंगू तिच्या शेजारी जाऊन बसली. "आते, मुंबईच्या डॉक्टरीन बोलली ते सांगायचं ऱ्हायलंय."

"रक्त दिलं की बरी हुईल, हेच ना? धर्मा बोलला."

"तेवढंच न्हाय बोलली." आणि रंगूनं सांगितलं. निम्मी खोट, पुरी खोट, मिठाचं पाणी, भावंडं. तिला वाटलं होतं आपण रडू. पण तिनं ते सगळं पाटी उतरवावी तसं उतरवलं.

ठमाबाईचा पहिला शब्द आला तो असा, "माजी पोरं समदी धडधाकट. माज्या घरात कसली खोट?"

"तशी माजी आय बी बोलली आसती, आते. तिची बी समदी धड हायत. निम्मीनं काय व्हत न्हाय."

कावळा येऊन जवळ्याची चोच भरून गेला. ठमाबाईनं हाकलला नाही. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. हिशेब मनात जुळवताना पडतात तशा.

"धर्माची निम्मी कुनाकडनं आली?" तिनं विचारलं.

रंगू जवळ्यातले खडे वेचू लागली.

"आनि तुजी तुज्या बाकडनं. तुजा बा माजा भाऊ." ठमाबाईचा आवाज बारीक झाला. "म्हंजी दोन्ही बाजूनं माज्याच बाच्या घरचं. व्हय ना ग?"

"तसं डॉक्टरीन बोलली न्हाय, आते."

"ती कशाला बोलंल? मला कळतं तेवढं." ठमाबाई उठली, तशीच उभी राहिली, पुन्हा बसली. "मीच हट्टानं तुला आनली व्हती. तुजा बा न्हाय बोलत व्हता. पोर घरातली घरात ऱ्हाईल, बोलले मी."

रंगूचे कान त्या दिवशी तिच्या पुढच्या बोलाची वाट बघत होते, चांगला नाहीतर वाईट. पण संध्याकाळी तिनं भाकऱ्या स्वतःच थापल्या आणि सोनाला भरवायला घेतलं.

मग तिनंच बेत केला. बस्ता काढायला मुंबईला जायचं, तेही भिकूला आणि नवऱ्यामुलीला घेऊन. सासरा भागोजी म्हणाला, "पोरीला कशाला न्यायची? असा रिवाज न्हाय." ठमाबाई म्हणाली, "रंग तिच्या अंगाला शोभतो का न्हाय बघायला नको?" भागोजीला साड्यांतलं कळत नव्हतं. त्यानं हात झटकले.

लाँचवर काशीनं विचारलं, "बाय, बाजाराच्या आधी इस्पितळात कशाला?" तेव्हा रंगूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. काशीचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला.

"तुला मी तुज्या घरात नको हाय. तसं सांग ना सरळ. तुजं पोर गेलं, माजी ऱ्हायली तर तुला बघवनार न्हाय."

रंगूला ते लागलं, पण तिला भांडायचं बळ नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुजी ऱ्हावी म्हणून तर चाललो. मला तुज्याशी भांडायला लावू नको, काशे. मी लय दमलेय."

काशीनं पाण्याकडं तोंड फिरवलं. पण इस्पितळात तिनं हात पुढं केला. भिकूनंही केला, त्याला सुईची भीती, त्यानं डोळे मिटून घेतले. आणि सगळ्यांच्या शेवटी ठमाबाईनं बाही वर सारली.

"तुमचं कशाला, आजी?" नवलकरबाई म्हणाल्या. "तुमच्यानं आता काही बदलायचं नाही."

"बदलायला न्हाय. मला कळू दे."

रक्त दिल्यावर त्यांनी खरोखरच बस्ता काढला. काशीनं हिरवी साडी निवडली, पण दुकानदारानं ती उलगडून दाखवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

निकाल आणायला धर्माजी गेला. आला तो थेट मिठागरावरच, कारण सगळी तिथंच होती. काशीच्या रक्तात काही नव्हतं. भिकूच्या रक्तात निम्मी होती. ठमाबाईच्याही होती.

"मग?" रंगूनं विचारलं.

"लगीन लावा बोलली. एकाकडं हाय, दुसऱ्याकडं न्हाय, तर पुरी कुनातच उतरनार न्हाय. पोरांत निम्मी ईल कदाचित. त्यांच्या लग्नाच्या टायमाला बघा बोलली."

रंगू बांधावर बसली. तिला आनंद झाला होता, पण त्याला अंगात शिरायला जागा नव्हती. पाटी भरून तयार होती. थोड्या वेळानं तिनं ती उचलली.

वैशाखात लग्न लागलं. महाराष्ट्र राज्य झालं ते त्याच दिवसांत. तालुक्याला दिवे लावले होते म्हणतात, बोरखाजणात मांडवाच्या दोन बत्त्या तेवढ्या. सोनाला आदल्या आठवड्यात रक्त देऊन आणलं होतं, म्हणून ती करवली होऊन मिरवली.

पण रंगूचं आणि धर्माजीचं ठरायचं ते राहिलंच होतं. पुढं मूल नको असं दोघांनी ठरवलं. केंद्रात आता पुरुषांच्या ऑपरेशनची शिबिरं भरायची. धर्माजी धीर करून गेला. तिथं विचारलं, जिवंत मुलं किती? एक मुलगी, म्हटल्यावर त्याला परत पाठवलं. कमी मुलांवर करायचं नाही, असा नियम होता. धर्माजीनं कारण सांगितलं, तेव्हा लोक गोळा झाले आणि तो लाजेनं निघून आला. तेव्हापासून तो पडवीत निजायचा आणि ती माजघरात.

शिबिरातली गोष्ट भागोजीच्या कानावर गेली. तो जेवताना म्हणाला, "डॉक्टरीन असं बी बोलली ना, धर्माचं दुसऱ्या बाईशी झालं तर पोरं धड होतील? मंग त्याला दुसरी करून देऊ. कायदा काय घरात येऊन बघतो?"

रंगू वाढत होती. ती वाढतच राहिली. ते खरंच होतं. एकाकडं नसली की पुरी उतरत नाही, असं बाई काशी-भिकूच्या निकालावर बोलल्याच होत्या. आणि थकल्या माणसाला खऱ्याशी भांडता येत नाही.

ठमाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "खोट निम्मी तिची, निम्मी तुज्या लेकाची. त्याला दुसरी करून देतोस, तर हिला बी दुसरा नवरा बघ. आनि माज्यात बी हाय, मला बी एक बघ."

भिकूला ठसका लागला. भागोजीनं पुढं तो विषय कधी काढला नाही.

पुढच्या वर्षी काशीला मुलगा झाला. लालभडक, आवाजाचा. ठमाबाईनं त्याला उजेडात धरून त्याची पापणी ओढून पाहिली आणि मग हसली. काशी मात्र रंगूच्या समोर त्याला छातीशी घ्यायला संकोचायची. लाँचवरचं बोलणं दोघींच्याही मनातून गेलं नव्हतं.

सोना पुढं तीनेक वर्षं जगली. रक्त दिलं की ती पंधरा दिवस अंगणात धावायची. मग पायरीवर बसून राहायला लागायची. आणि रंगू कपड्यांचं बोचकं बांधायची. अशा खेपा किती झाल्या ते तिनं मोजलं नाही. त्यातल्या एका खेपेची सकाळ मात्र तिच्या लक्षात राहिली. हंगाम संपत आला होता. रंगू बोचकं बांधून उठली आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती कुडाला धरून उभी राहिली.

ठमाबाईनं तिच्या हातातलं बोचकं काढून घेतलं. "मी नेते हिला."

"आते, तिथं किती दारं हायत, तुमाला म्हाईत न्हाय."

"दारात विचारीन. तोंड हाय मला." तिनं सोनाला कडेवर घेतलं. सोनानं आजीच्या मानेत हात घातला. "तू नीज."

"भर दिवसा?"

"नीज बोलले ना."

दोघी गेल्या. रंगू माजघरात जमिनीवरच आडवी झाली. बाहेर काशीचं पोर रडायला लागलं. काशी धावत आली, दारात थबकली, आणि पोराला घेऊन परसात लांब जाऊ लागली.

"काशे," रंगू पडल्यापडल्या म्हणाली, "लांब नको नेऊ. निजव हितंच."

काशीनं पोराला आणून रंगूच्या पाठीशी निजवलं आणि स्वतः दाराशी बसली. पोर थोडा वेळ कुरकुरलं. रंगूला ते ऐकू येत होतं, मग येईनासं झालं.